सुकलाल मास्तर आणि मोकळी सरहद्द

सुकलाल मास्तर शत्रूला आधी पोटभर जेवू घालायचा आणि मगच मारायचा. घाबरू नका, हे सगळं कॉम्प्युटरवरच्या खेळात. वाळवंट ओलांडून शत्रूची फौज यायला लागली की वाटेवरचं एक धान्याचं कोठार तो मुद्दाम उघडं ठेवायचा. शत्रू लुटायला थांबायचा, त्यात त्याच्या दोन खेळ्या जायच्या, आणि तेवढ्यात आमचे रथ डोंगराला वळसा घालून त्याच्या पाठीशी हजर. मी घाई करायला लागलो की तो चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचा, ‘‘खाऊ दे रे भो, खाऊ दे. पोटभर खाईसन माणूस जड व्हस.’’

आता सुकलाल नाही. त्याच्याबद्दल लिहायला बसलो तर पहिल्यांदा हे कोठारच आठवलं, त्याला मी काय करू?

सुरतेत उधन्याच्या एका साड्यांच्या छपाई मिलमध्ये तो कलर मास्तर होता आणि मी डिस्पॅचला. तो शिरपूरकडचा, मी चोपड्याचा. सुरतेत दोन खानदेशी एका छपराखाली आले की आठवड्याभरात एकमेकांच्या डब्यात हात जातो, तसंच आमचं झालं. त्याच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा ठरलेला. अंगाने किरकोळ, बोटं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाने माखलेली. पण रंगाची याद म्हणाल तर अशी, की तीन वर्षांपूर्वीच्या साडीचा कोनफळी जांभळा रंग हवा असला तर तो नमुन्याचं कापड मागायचा नाही. डोळे मिटायचा, जरा थांबायचा आणि मापं सांगायला लागायचा. कापड आणून लावून बघावं तर तोच रंग. मी म्हणायचो, ‘‘तुझं डोकं आहे की गोदाम?’’ तो म्हणायचा, ‘‘गोदाममा चिठ्ठ्या हरवतस. मनं डोकं बरं शे.’’

रंग जुळवायच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. दुरुस्तीला आलेल्या कोणीतरी त्यात हा खेळ टाकून ठेवला होता. प्राचीन काळचं एक नदीचं खोरं, त्यात चार राज्यं. दोन राज्यं आम्ही खेळायची, दोन कॉम्प्युटर खेळणार. एकाने आपली खेळी करायची, मग दुसऱ्याने, मग कॉम्प्युटरने. अशा शंभर खेळ्या टिकून दोन्ही शत्रू संपवले की जिंकलो. जेवणाच्या सुट्टीत डबा उरकायचा आणि चार-पाच खेळ्या करायच्या. आमचे शेठ दारातून डोकावून म्हणायचे, ‘‘केम, बेउ राजा, राज बराबर चाले छे ने?’’ सुकलाल मान न वळवता म्हणायचा, ‘‘हां शेठ, एकदम बराबर.’’ अकरा वर्षं हे चाललं. बायको म्हणायची, पन्नाशीच्या माणसाला शोभतं का हे? शोभत नव्हतं. पण त्या पाऊण तासासाठी मी सकाळी उठायचो, हे खरं आहे.

नदीकाठचं राज्य त्याचं, डोंगरातलं माझं. त्याच्याकडे दाणा, माझ्याकडे तांबं. मी मूळचा उतावळा. पहिल्या खेळीपासून मला भालेवाले हवेत, तट हवेत, लढाई हवी. तो मला हात धरून थांबवायचा. पहिल्या वीस खेळ्यांत एकही सैनिक घ्यायचा नाही, फक्त पाट काढायचे आणि शेतं वाढवायची. ‘‘आधी दाणा, मंग भाला,’’ हे त्याचं पालुपद. दुसरं म्हणजे नदीला चिकटून गाव वसवायचं नाही, पटावरचं एक घर सोडून वसवायचं. खेळात मधूनच पूर यायचा आणि काठावरचं सगळं धुऊन न्यायचा. तापीचं पाणी स्वतःच्या घरात छातीपर्यंत आलेलं त्याने पाहिलं होतं, त्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. खिंडीत दोनच भालेवाले उभे करायचे, जास्त नाही, म्हणजे शत्रूला वाटतं इथून सहज घुसू, आणि तो तिथेच अडकतो.

पण त्याचा सगळ्यात मोठा डावपेच वेगळाच होता. त्याच्या आणि माझ्या राज्यांमध्ये जी सरहद्द होती, तिच्यावर तो एकही माणूस ठेवायचा नाही आणि मलाही ठेवू द्यायचा नाही. कॉम्प्युटरची दोन राज्यं एकमेकांची दोस्त असली तरी आपापल्या सरहद्दीवर निम्मी फौज गुंतवून बसायची. आम्ही ती सगळी फौज वाळवंटाकडे लावायचो, म्हणून त्यांच्यापेक्षा थोडकी असून आम्ही भारी पडायचो. सुरुवातीला मी म्हटलं होतं, ‘‘अरे, निदान एक चौकी तरी राहू दे.’’ त्यावर तो चक्क रागावला. ‘‘तू मनावर, तुना दोस्तवर, पहारा ठेवशी? मंग खेळूच नको.’’ त्यानंतर मी चौकीचं नाव काढलं नाही.

सगळ्यात अवघड पातळी मात्र आम्हाला कधी सर झाली नव्हती. साठ-सत्तर खेळ्यांत आमचा निकाल लागायचा. त्या वर्षी, माझ्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना, पहिल्यांदाच सगळं जमून आलं. चौऱ्याऐंशी खेळ्या झाल्या होत्या. एक शत्रू संपला होता, दुसऱ्याकडे एकच शहर उरलं होतं. मी खूश होऊन हात धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर काय! सुकलालचे सगळे रथ मोकळ्या सरहद्दीवरून माझ्या राज्यात घुसलेले आणि माझं तांब्याच्या खाणीचं गाव त्याच्या रंगात रंगलेलं.

मला वाटलं, मस्करी. म्हटलं, ‘‘हे काय रे?’’

‘‘शत्रूनं गाव लिधं ना मी,’’ तो म्हणाला. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू मी त्याची पाठच थोपटणार.

‘‘शत्रू? अरे, ते माझं गाव आहे!’’

त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग हसला. ‘‘हां, हां… मंग काय व्हयनं? खेळ शे.’’

झालं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, घरचे-दारचे सगळे जाणून आहेत. अकरा वर्षांत जी जागा मी फक्त त्याच्या भरवशावर मोकळी ठेवली, तिथूनच हा घुसला, आणि वर हसतो? मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहवत नाही. एवढं लिहितो की ‘‘तू मनातून पहिल्यापासून असाच होतास, मीच गाढव,’’ असं मी त्याला सगळ्या खोलीसमोर म्हणालो. तो माखलेली बोटं शर्टाला पुसत राहिला. त्या दिवसापासून मी अबोला धरला.

अबोला धरण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही. चार महिने! त्यातले जवळजवळ तीन एका छपराखाली, रोज. सुट्टीत मी माझ्या टेबलावर जेवायचो. तो दोनदा डबा घेऊन आला, उभा राहिला, मी कागदांतून डोकं वर काढलं नाही, तो गेला. मग एकदा त्याच्या हातून एका मोठ्या ऑर्डरचा रंग बिघडला. मोतिया हवा होता, झाला बदामी. शेठ त्याला सगळ्यांदेखत बोलले. सुकलालचा रंग चुकला, ही केवढी गोष्ट! माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याच्या काळजात चर्र झालं असतं. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं. पुढच्या महिन्यात तो कामावर यायचा बंद झाला, तेव्हाही मी कोणाला विचारलं नाही. म्हटलं, बसला असेल दुसरी मिल धरून.

एका रविवारी सकाळी त्याची बायको, इंदूवहिनी, माझ्या दारात उभ्या. आत आल्या, पण पाणीही घेतलं नाही. म्हणाल्या, ‘‘भाऊ, एकच विचारायला आले. तुम्ही यांच्याशी का बोलत नाही?’’

मी खेळाचं सांगितलं. सांगतानाच मला ते किती पोरकट आहे ते कळत होतं, तरी मी तावातावाने सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, ‘‘भाऊ, यांना विसरायचा आजार झालाय. डॉक्टर म्हणतात, वर्षभर तरी झालं असेल, आपल्या ध्यानात आलं नाही. त्या दिवशी कोणतं गाव कोणाचं ते त्यांना आठवलंच नसेल हो.’’

मी चपला शोधायला उठलो.

‘‘चार महिने रोज मला विचारायचे, ‘तो मनासंगे बोलत नही. मनं काय चुकनं?’ मी काय सांगणार? आंघोळ करताना विचारायचे, जेवताना विचारायचे. मुलांची नावं विसरले, पण तुमचं नाव तोंडात होतं. आता आठ-दहा दिवसांत विचारलं नाही त्यांनी. म्हणून आले. म्हटलं, अजून थोडं काही आठवणीत असेल तर तुम्ही या.’’

मी तसाच, घरातल्या कपड्यांवर त्यांच्यामागे निघालो. माफी मागायची होती. त्याने माझं नाव घेऊन दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. सुकलाल खिडकीपाशी खाटेवर बसला होता, दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट. बोटं मात्र स्वच्छ. ती स्वच्छ बोटं बघून मला रडू आवरेना. त्याने माझ्याकडे बघून हात जोडले आणि वहिनींना म्हणाला, ‘‘पाव्हणा शे का? चहा ठेव.’’ उशीर झाला होता. किती, तर आठ-दहा दिवसांचा.

नंतर मी रोज जायचो. मुलाचा लॅपटॉप नेला, तोच खेळ लावून दाखवला. त्याने चित्रं बघितली आणि मान फिरवली. सव्वा वर्षाने तो गेला, न्यूमोनियाचं निमित्त झालं. त्या सव्वा वर्षात त्याने मला एकदाही ओळखलं नाही. लोक म्हणतात, आतून ओळखत असेल. म्हणोत बापडे. मी समोर बसलेलो असायचो, मला माहीत आहे.

पण जाण्याच्या दोनेक महिने आधीची एक दुपार सांगतो. वहिनी बाजारात गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. मला राहवलं नाही. म्हटलं, ओळखत नाही तर नाही, बोलून तर टाकतो. म्हणालो, ‘‘माझा एक मित्र होता. अकरा वर्षं आम्ही रोज एकत्र जेवलो. त्याच्या हातून एक चूक झाली. चूकसुद्धा नव्हती, तो आजारी होता. मी त्याच्याशी चार महिने बोललो नाही.’’

तो लक्ष देऊन ऐकत होता. पूर्वी माझी खेळी बघायचा तसं कपाळाला आठ्या घालून. मग अगदी शाळेतल्या मराठीत बोलला. अशी मराठी तो शेठच्या पाहुण्यांशी, बँकेतल्या साहेबांशी बोलायचा, माझ्याशी कधीच नाही.

‘‘मग साहेब, तुम्ही इथे का बसलात? जा ना त्यांच्याकडे. ते वाट बघत असतील.’’

‘‘आता गेलो तर चालेल का?’’

‘‘चालेल की. मित्र आहेत ना तुमचे? जा, जा. उगाच वेळ घालवू नका.’’

आणि त्याने मला उठवलंच. दंडाला धरून दारापर्यंत आला, मी चपला घालेपर्यंत उभा राहिला आणि दार लावून घेतलं. मी जिन्यात उभा राहून रडलो. खालच्या मजल्यावरची बाई बाहेर येऊन ‘शुं थयुं, भाई?’ विचारायला लागली, तिला हाताने काही नाही म्हटलं.

मग तोंड पुसलं, पुन्हा वर गेलो आणि कडी वाजवली. त्याने दार उघडलं. कोण, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

‘‘आलो रे, सुकलाल,’’ मी म्हणालो. ‘‘माझं चुकलं.’’

त्याने मला ओळखलं नाही. पण तो बाजूला झाला, मला आत घेतलं आणि खाटेवर सरकून बसायला जागा केली.