फरशीवरचा मांडव

आधी फरशीचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं वाचून कोणीही म्हणेल, ही बाई बह्याड, खुळी आहे का? बह्याड तर आहेच. पण बह्याडपणालाही काही कारण असतं.

बोरगाव मेघेत आम्ही घर बांधलं तेव्हा समोरचं अंगण तसंच सोडलं होतं. निव्वळ काळी माती. पावसाळ्यात चपलेला गोळे चिकटायचे आणि चपला बाहेर काढल्या तरी कुठून कशी, ती माती स्वयंपाकघरापर्यंत यायचीच. अकरा वर्षं मी ती पुसली. मी शाळेत शिकवते; शाळा सुटली की घरी यायचं, पदर खोचायचा आणि फडकं हातात घ्यायचं. नवऱ्याला म्हणायची, "अहो, मला एकदाची या मातीतच पुरून टाका, म्हणजे तुमची आणि माझी सुटका." ते पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "पाहू." शेवटी गेल्या दिवाळीत अंगणात फरशी बसली. खाली कोबा, वर पांढुरकी, राखी ठिपक्यांची फरशी. बसली त्या दिवशी मी ती दोनदा पुसली, आणि कोणी पाहत नाही असं बघून तिसऱ्यांदा.

संक्रांत झाली आणि बाबांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण बोलत होते. आई जाऊन सहा वर्षं झालेली, सेलूच्या घरी ते एकटेच. मी एकुलती एक. घेऊन आले.

बाबांचं सेलूत बिछायत केंद्र होतं. मांडव, सतरंज्या, पातेली, खुर्च्या, सारं भाड्यानं द्यायचं. पण त्यांचा जीव मांडवात. लग्न असो, तेरवी असो, नाहीतर विहारातला कार्यक्रम, बाबांनी घातलेला मांडव उडाला असं कोणी कधी म्हटलं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी वावधन उठतं. धूळ, पालापाचोळा, पत्रे, जे सापडेल ते घेऊन जातं. तेव्हा मांडववाल्यांची एक रीत असे. पळायचं नाही. ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूच्या खुंटाजवळ जायचं, ताणाची दोरी धरायची आणि खुंटावर बसायचं. सगळ्यात भारी माणसानं सगळ्यात वाईट खुंट घ्यायचा. आणि सगळ्यात भारी माणूस बाबाच. शंभर किलोला थोडे कमी असतील. लहानपणी एका लग्नात मी त्यांना असं पाहिलं आहे. वऱ्हाडी मंडळी शाळेच्या खोल्यांत पळाली, माझ्या तोंडात धूळ, आणि बाबा तिकडे दोरी धरून बसलेले, डोळे मिटून, देवळाबाहेरच्या दगडी नंदीसारखे. कापड ढोलासारखं वाजत होतं, पण मांडव जागचा हलला नाही. आई नंतर हसून म्हणायची, "तुह्या बापाले खुंट कायले लागते व? तोच एक खुंट हाय."

असा माणूस माझ्या आतल्या खोलीत पडला. वर पीओपीचं छत, त्यात गोल दिवे. मला त्या छताचं केवढं कौतुक. बाबा त्याकडे पाहायचे आणि तोंड फिरवायचे. एके दिवशी सकाळी मी त्यांचं अंग पुसून देत होते तर म्हणाले, "मले कापडाखाली झोपव व माय. अठी जीव घाबरते." उशीत तोंड घालून रडले. माझ्या बापाला मी आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मी ठरवलं, काही झालं तरी यांना कापडाखाली झोपवायचं.

खरा मांडव घालायचा तर बांबू हवे, खुंट हवे, म्हणजे फरशी फोडणं आलं. ते मला नको होतं. मग तो घडीचा तंबू घ्यायचा ठरलं. बाजारात सिमकार्ड विकणारे घेऊन बसतात ना, चार पायांचा, छत्रीसारखा उघडणारा, तो. वर्ध्याच्या एका दुकानात दोन प्रकार होते. एक जाड पायांचा, काळपट, लोखंडी सांगाड्याचा. त्याच्या छपराला मधोमध वारा निघून जायला जाळीची झडप होती. दोन माणसांशिवाय उचलत नव्हता. दुसरा हलका, आकाशी रंगाचा, कडेला झालर, एकट्या बाईनं उघडावा आणि मिटावा असा. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "ताई, घरासमोर कायमचा ठेवणार असाल तर जड घ्या. हलका म्हणजे एका दिवसाच्या कार्यक्रमाचा." मी म्हटलं, "दादा, आमच्या घरी कोण आहे उचलायला? मी आणि आमचे हे, आणि यांची कंबर तर काय सांगावी." आकाशी घेतला. झालर आवडली हेही खरं, लपवून काय करू.

बाबांना खुर्चीवर बसवून अंगणात आणलं आणि त्यांच्यासमोर तो उघडला. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी डाव्या हातानं तंबूचा एक पाय हलवून पाहिला, कापड दोन बोटांत चुरून पाहिलं, वर बघितलं. छपराला झडप नाही हे त्यांना क्षणात कळलं.

"हवा कुठून जाईन याची?"

"जाईल खालून."

"खुंट कुठं हाय?"

पिशवीत चार खिळे होते, सायकलच्या आऱ्याहून जरासे जाड, आणि बुटाच्या नाड्या वाटाव्या अशा दोऱ्या. बाबांनी ते हातात घेतले आणि परत पिशवीत टाकले. मग फरशीवर डाव्या पायाचा अंगठा टेकवून म्हणाले, "फोड. चार कोपऱ्यात चार भोकं. माही लोखंडी सब्बल हाय सेलूले. हातभर खुंट ठोकजो."

"बाबा, आत्ता दिवाळीला बसवली ती."

"त मंग उडन."

नवरा म्हणाला, "चारच तर भोकं. नंतर सिमेंट भरू." मी त्यांच्यावरच उसळले. "तुम्ही पुसली का कधी ही फरशी? अकरा वर्षं कोण वाकलं?" माझा स्वभावच असा. एकदा नाही म्हटलं की मग ब्रह्मदेव आला तरी नाही.

फरशी वाचवायला मी डोकं चालवलं. एक पाय गेटच्या खांबाला बांधला. दुसरा खिडकीच्या ग्रिलला. तिसऱ्याजवळ काही नव्हतं, म्हणून रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या वाळूनं भरून त्यांना बांधला. राहिला चौथा. तो मोकळ्या बाजूचा, रस्त्याकडचा, वारा येतो तिकडचा. तिथंच बाबांची बाज ठेवायची होती, कारण तिथून रस्ता दिसायचा. मी पाहत उभी राहिले आणि मला एकदम आईचं ते वाक्य आठवलं. हसू आलं. नायलॉनची जाड दोरी घेतली, तंबूच्या चौथ्या कोपऱ्याला अडकवली आणि दुसरं टोक बाजेच्या पायाला बांधलं. गाठही बाबांनीच लहानपणी शिकवलेली. ओढावी तितकी घट्ट होते, आपणहून सुटत नाही.

बाबा बाजेवर पडल्या पडल्या पाहत होते. म्हणाले, "माह्यावर नको बांधू व."

"का? तुमच्याहून मोठा खुंट कोणता?"

"मी कुठं राह्यलो आता."

मला वाटलं, फरशी फोडू दिली नाही म्हणून रुसले. मी रोज सकाळी त्या माणसाला उचलत होते. एकटी. कुशीवर वळवायची, बगलेत हात घालून खुर्चीत बसवायची, परत बाजेवर घ्यायची. जो माणूस मला कधी काळी हललाही नसता त्याला मी पन्नाशीतली बाई बादलीसारखी इकडून तिकडे ठेवत होते. आणि त्याचा अर्थ माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. सवयीनं माणूस आंधळा होतो. मी झाले.

पुढचे काही आठवडे चांगले गेले, हे सांगितलं पाहिजे. सकाळी आठला बाज बाहेर आणून दोरी बांधायची, संध्याकाळी दोरी सोडून बाज आत. त्या आकाशी कापडाखाली बाबांचा चेहरा बदलला. भाजीवाली थांबायची, शेजारच्या काकू थांबायच्या. कापडाला झोळ आला की बाबा डाव्या हातानं दाखवायचे, मी ताणायची. "तसं नाई. कोपऱ्यातून घे." शाळेत मी चाळीस पोरांवर ओरडत असे आणि घरी हे माझ्यावर. पण मला बरं वाटायचं. मनात म्हणायची, बघा, एकही भोक न पाडता केलं की नाही?

त्या दिवशी सकाळची शाळा होती. दुपारी तीनच्या सुमारास मी आत कुकर लावत होते. हे कारंज्याला गेलेले. ऊन असं की अंगणात नजर ठरत नव्हती. मग उजेड पिवळा झाला. दार आपटलं. मी गॅस बंद करून बाहेर पळाले. स्वयंपाकघर ते अंगण, किती अंतर असेल?

बाहेर आले तेव्हा धुळीत काही नीट दिसेना. वाळूच्या बादल्या आडव्या होऊन फरशीवर घासत चालल्या होत्या. तंबूचं छप्पर फुगलं होतं. रस्त्याकडचा पाय जमिनीपासून वर उठलेला, आणि त्याच्यासोबत बाज. बाजेचे दोन पाय हवेत होते. मी ओरडले असेन. बाज कलली आणि उलटली. मग तंबू गेटवर जाऊन मोडला. वावधन दोन-तीन मिनिटांचं. गेलं तेव्हा अंगणात बाबा फरशीवर पडले होते आणि दोरी तशीच बाजेला बांधलेली होती. गाठ सुटली नव्हती. सुटली असती तर नुसता तंबू गेला असता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, या वयात, या अवस्थेत ऑपरेशन झेपणार नाही. भरती करताना त्यांना वजनकाट्याच्या खाटेवर ठेवलं आणि नर्सनं आकडा मोठ्यानं वाचला. एकेचाळीस. मी म्हटलं, सिस्टर, पुन्हा बघा. तिनं पुन्हा पाहिलं. एकेचाळीसच.

रात्री त्यांचा हात पुसायला घेतला तर डाव्या तळहाताला आडवी, लाल, कातडी सोलून निघालेली रेघ होती. मला आधी कळेना. मग कळलं. दोरीची. वारा उठला तेव्हा या माणसानं मला हाक मारली नाही. एका चांगल्या हातानं ताणाची दोरी धरली.

"बाबा, काऊन धरली हो दोरी?" माझ्या तोंडून सेलूचीच भाषा आली.

ते वर छताकडे पाहत होते. म्हणाले, "मले वाटलं, पेलन."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. माफी मागितली. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, तो कानावर पडला. पाच आठवड्यांनी ते गेले. शेवटपर्यंत आतल्या खोलीतच होते, त्या गोल दिव्यांच्या छताखाली. त्यांना हलवता येत नव्हतं.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरासमोर ठेवला. मांडव घालायला सेलूहून माणूस आला. तीस-पस्तीस वर्षं बाबांच्या हाताखाली काम केलेला, आता त्याचेही केस पिकलेले. त्यानं अंगणात फेरी मारली, पायानं फरशी चाचपली आणि नवऱ्याला म्हणाला, "फरशी नवी दिसते जवाईबापू. पाण्याचे ड्रम ठेवतो चार, त्याले बांधतो. आजकाल सारे तसंच करते."

मी दारात होते. म्हटलं, "नाही. फोडा."

"ताई, तडे जाईन. निरी खराब होईन."

"होऊ द्या."

त्यानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं नुसती मान हलवली. मग तो गाडीतून सब्बल घेऊन आला. बाबांचीच होती, मुठीजवळ चपटी झालेली, मी लगेच ओळखली. म्हटलं, आधी मला मारू द्या. जड होती, मला नीट उचलेना. पहिला घाव तिरपा बसला, नुसता ओरखडा आला. दुसऱ्याला फरशी तडकली. तिसऱ्याला खालून कोबा फुटून थोडी काळी माती वर आली. मग त्यानं माझ्या हातातून सब्बल घेतली आणि म्हणाला, "राहू दे व बाई, मी करतो."

त्यानं चारही कोपऱ्यांत भोकं पाडली, हातभर खुंट ठोकले, दोऱ्या ताणल्या. पांढरं कापड चढलं. एका खुंटाजवळ मी बसून राहिले, रस्त्याकडच्या. पाहुणे येत होते, आत बसा म्हणत होते, मी हलले नाही. वंदना झाली, जेवणं झाली. कापडाची कडही हलली नाही. वाराच नव्हता त्या दिवशी.