अर्धी गोळी

प्रताप नगरात आमच्याकडे येणारे डॉक्टर नाडी धरण्याआधी घरातल्या सगळ्यांची विचारपूस करत. मोठ्यानं हसत आणि चहा दुसऱ्यांदा मागून घेत.

सत्तरीनंतर बाबा दिवसभर गुंगीत राहू लागले. मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारत. म्हातारपणानं भ्रम झाला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

एके दिवशी डॉक्टरांनी बाबांच्या उशाजवळची झोपेच्या गोळ्यांची बाटली उचलली. "हे कोणं देल्ली?"

"तुम्हीच की. किती वर्षं झाली," आई म्हणाली.

त्यांनी बाटली खाली ठेवली. मग बाबांकडे पाहत आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माही आहे, वहिनी. भाऊ म्हातारे झाले, गोळी तेवढीच राह्यली. या वयात औषध अंगातून लवकर निघत नाही, साचून राह्यते. आता अर्धी द्या, मग हळूहळू बंद करू."

पुढं ते रोज सायकलवरून येत, बोलावल्याशिवाय. एका सकाळी बाबा उठून बसले आणि कामठीच्या फुटबॉलवरून त्यांच्याशी कडाडून भांडले. डॉक्टर वादात हरले. हरून इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.