मी पुसलेला खेळ

मुलांनो, गेल्या महिन्यात तुमच्यातल्या थोरल्याने फोनवर विचारलं, "आजी, माझा तो जुना हातातला गेम अजून आहे का?" थोरल्या, तो गेम इथे ठेवून गेलास तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. मी म्हटलं, बघते. बघण्यासारखं काही नव्हतं, तो कपाटात कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर वाटलं, आता हे सांगायलाच हवं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला स्वतःची बाजू फार छान मांडता येते. म्हणून मराठीत लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या.

तू इथून गेलास त्याच वर्षी देऊळघाटच्या बाजूला शेती करणाऱ्या माझ्या भाच्याने पहिल्यांदा बीटी कपाशी लावली. बियाण्याच्या पाकिटातला कागद घेऊन तो माझ्याकडे आला होता. घरात इंग्रजी म्हटलं की सगळे माझ्याकडेच येत. औषधाची बाटली, विम्याचं पत्र, काहीही असो. मी वाचून सांगितलं की ते झालं. त्या वेळी बुलढाण्यातल्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला दोनच वर्षं झाली होती.

दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली आणि पानं लाल पडून पीक बसवणारा लाल्या रोग आला. नवराबायको दोघं दिवसभर वावरात, म्हणून भाच्याने त्याची दोन मुलं शाळेसाठी माझ्याकडे ठेवली. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. दोघं फार शहाणी. परक्याच्या घरी असल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची. मला वाईट वाटलं आणि मी तुझा गेम काढून दिला. अभ्यास झाल्यावर एक तास, घड्याळ लावून.

कार्टूनमधले राक्षस एकमेकांशी लढतात एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, "हे मारामारीचं कशाला?"

"याच्यात कोनी मरत नाही, आजी," मुलगी म्हणाली. "मारलं का त्याच्या आंगातून गोल गोल गोये सांडतात. ते वेचाचे. वेळ संपला का ज्याच्याजवळ जास्त, तो जितला."

"आमच्या वावरावानी," धाकटा म्हणाला. "फक्त इथं पाठ दुखत नाही."

यंत्र एक आणि मुलं दोन. त्यांनी त्यावर स्वतःच तोड काढली. दोघं खांद्याला खांदा लावून बसत. डावीकडची बटणं त्याची, उजवीकडची तिची. तो राक्षसाला पळवायचा, ती मारायची. "पय ना बे!" "पयून राह्यलो, तू मार ना!" असं चालायचं. ऐकताना मलाही मजा वाटे. एकेका राक्षसाला हरवलं की पुढचा मिळे. दिवाळीनंतर फक्त एक उरला होता. तो मिळाला की रविवारी बाबांना दाखवायचा, असं ठरलं होतं. बाबा आधीचे दोन रविवार आले नव्हते. तिसऱ्या रविवारी नक्की येतो, असा निरोप होता.

त्या आठवड्यात एका सकाळी मुलं शाळेत असताना मी कपाट आवरलं. गेम फडक्याने पुसला आणि बिघडला तर नाही ना म्हणून सुरू करून पाहिला. पडद्यावर तीन नोंदी दिसल्या. एकीवर तुझं नाव नीट लिहिलेलं. दुसरीवर नुसतं चार वेळा ए. तिसरीवर काहीतरी अर्धवट. मला वाटलं, मुलांनी खेळता खेळता हा कचरा केला. तू परत येशील तेव्हा तुझं तुला स्वच्छ मिळावं म्हणून मी त्या दोन नोंदी काढायचं ठरवलं. यंत्राने इंग्रजीत विचारलं, नक्की पुसायचं का? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, हे परत मिळणार नाही, तरी पुसायचं? पुन्हा हो म्हटलं. घरात ते वाक्य समजणारी मी एकटीच होते.

संध्याकाळी मुलांनी गेम लावला, तर त्यांनी मिळवलेले सगळे राक्षस गेले होते, खेळ पुन्हा पहिल्यापासून. मी मेथी निवडत होते.

"काऊन बे, काय दाबलं तू?" मुलीचा आवाज.

"म्या काहीच नाही दाबलं."

"मंग कोनं दाबलं? आजीनं?"

तिने ते टोमण्याने म्हटलं होतं. आजी आणि हा गेम, याहून अशक्य काही तिला सुचलं नाही. तेव्हा मान वर करून "हो, मीच" म्हणायला एक क्षण पुरला असता. मी मेथीची काडी मोडली. मनात म्हटलं, आधी ती काय म्हणते ते ऐकू.

ती म्हणाली, "खोटारडा." तो रडायला लागला. मग मी उठले आणि आयुष्यभर वर्गात जे केलं तेच केलं. त्याला समोर उभं केलं आणि म्हटलं, "चूक सगळ्यांकडून होते. पण ती लपवणं वाईट. नीट आठवून सांग बरं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रागावले नव्हते. आवाज अगदी गोड होता माझा.

"माह्याच हातानं दाबल्या गेलं असन," तो म्हणाला.

मी त्याला शाबासकी दिली. खरं बोलल्याबद्दल डब्यातला रव्याचा लाडू दिला. त्याने तो हातात धरून ठेवला. खाल्ला की नाही, मी पाहिलं नाही.

रविवारी भाचा आला. पाय धुऊन ओट्यावर बसला. मुलीने सांगून टाकलं की दाखवायला काही नाही, यानं सारं पुसलं. भाच्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "माह्यानं झालं, बाबा."

"जाऊ दे," भाचा म्हणाला. "यंदा सारंच पुसल्या गेलं, तुह्यावालं बी गेलं." आणि माझ्याकडे वळला, "मावशी, चहा टाकतं का थोडा?" मी चहा टाकायला आत गेले. स्टोव्हजवळ उभी राहून ठरवलं, तो गेल्यावर मुलांना सांगू. तो गेल्यावर ठरवलं, परीक्षा झाल्यावर सांगू.

पुढे मुलगी एकटीच दोन्ही हातांनी खेळायची. धाकट्याला तिने बोलावलं तरी तो "माह्यानं बिघडन" म्हणून लांब बसायचा. उन्हाळ्यात दोघं गावी परत गेली. गेम मी कपाटात ठेवून दिला.

तो मुलगा आता खामगावला कापसाच्या जिनिंग गिरणीत हिशोबनीस आहे, दोन लेकरांचा बाप आहे. तुझा फोन आला त्याच आठवड्यात तो काही कामाने बुलढाण्याला आला होता, तेव्हा जेवायला थांबवून घेतला. पानावर बसल्यावर मी सगळं सांगितलं. तीन नोंदी, दोनदा विचारलेला प्रश्न, मेथी, लाडू. एवढ्या वर्षांत जे जुळवून ठेवलं होतं ते जसंच्या तसं.

तो हसला. "आजी, तुम्ही काय मनाले लावून घेतलं? ते तं म्याच केलं होतं."

मी म्हटलं, "अरे, नाही. मी केलं."

"मले चांगलं आठवते. पोटात दुखते म्हनून शायेतून लवकर आलो होतो. तुम्ही बाहेर होत्या. एकट्यानंच खेयत होतो, तं दाबल्या गेलं."

तो त्या दिवशी लवकर आला नव्हता. दोघं बरोबर आली होती, मी दार उघडलं होतं. हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हातारीला समजवावं तशा आवाजात म्हणाला, "बरं, तुम्हीच केलं. भाजी वाढा." मी भाजी वाढली.

गेम पाठवते आहे. यंत्र सुरू होत नाही, आतली कॅसेट मात्र शाबूत आहे. तुझी नोंद मी पुसली नव्हती. त्या दोघांचं जे होतं ते गेलं. आणि खामगावात एक सज्जन माणूस आहे, त्याला अजून वाटतं की ते त्याच्याच हाताने गेलं.