शुक्रवारचं व्होल्टेज

हे मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. मागच्या आठवड्यात तोंड उघडलं, आणि आता तुम्हाला सांगतोय — कारण आता सांगता येतंय, एवढंच.

मी भिवंडीत गाड्यांवरची थंडीची मशीनं दुरुस्त करतो. आइस्क्रीम, लोणी, औषधं नेणाऱ्या बंद पेटीच्या गाड्या असतात ना, त्यांची. रस्त्यावर हे मशीन डिझेलवर चालतं. गोडाऊनला गाडी लागली की ड्रायव्हर प्लग लावतो आणि ते विजेवर चालतं. आता आमच्याकडची वीज कशी — लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू असले की व्होल्टेज खाली बसतं, लूम थांबले की वर चढतं. म्हणून मशीनमध्ये एक कार्ड असतं. कमी आलेलं व्होल्टेज ते आपोआप वाढवतं, जास्त आलेलं उतरवतं. माणसाला बघावं लागत नाही.

काशीनाथदादाच्या गाडीतलं ते कार्ड एका मंगळवारी गेलं. काशीनाथदादा म्हणजे अंबाडीच्या पुढच्या पाड्यातला ड्रायव्हर, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. गाडी थांबवता येत नव्हती. मी कार्ड काढलं आणि वायर सरळ जोडली — व्होल्टेज कायम वाढवणाऱ्या टोकाला. लूम चालू होते, मशीन छान चाललं. नवं कार्ड बुधवारी माझ्या हातात आलं. अर्ध्या तासाचं काम. गुरुवारी दुपारी गाडी माझ्यासमोर उभी होती — मी म्हणालो, उद्या बघू.

उद्या शुक्रवार होता. लूमला सुट्टी. मला ठाऊक नव्हतं? माझे वडील जन्मभर लूमवर होते; आमच्या घरी सुट्टी म्हणजे शुक्रवारच. ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू?

त्या सकाळी काशीनाथदादा लांबून गाडी हाकून आला, प्लग लावला आणि केबिनमध्ये झोपला. रात्रपाळीचे लूम थांबले. व्होल्टेज चढलं, माझ्या वायरने ते आणखी चढवलं, आतला फ्यूज उडाला. दुपारी दार उघडलं तेव्हा आइस्क्रीमचे डबे बोटाने दाबले तरी आत जात होते.

मला बोलावलं. पॅनल उघडताच कळलं. सगळे मागे डबे उतरवत होते — मी प्लग काढून फ्यूज बदलला, नवं कार्ड बसवलं, माझी वायर खिशात घातली. मग प्लग परत लावला, गाडीमालक शेठला हाक मारली आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं.

"मशीन तो चालू है," शेठ म्हणाला. "फिर बंद किसने किया, भूत ने?"

"मशीनमध्ये फॉल्ट नाही," मी म्हणालो. "प्लग लावलाच नसेल."

हे माझं वाक्य. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही.

"लावला व्हता, शेठ," काशीनाथदादा म्हणाला. "मशीनचा हिरवा दिवा पेटलेला बघितला न् मंग झोपलो."

"सपनात बघितला असंल!" एक हमाल म्हणाला, आणि सगळे हसले.

तो माझ्याकडे वळला. "तू सांग ना रं. तू मिस्त्री हायस."

मी पाने-पक्कड पिशवीत भरत होतो.

त्याला त्याच दिवशी काढलं. थंडीची गाडी त्याला पुन्हा कुणी दिली नाही. तो पाण्याचा टँकर चालवायला लागला. पण खरं ओझं — ते हे नाही. दोनेक वर्षांनी तो अंबाडी नाक्यावर भेटला. त्यानेच चहा पाजला. म्हणाला, "तुझा काय दोष? मीच इसरलो असन. झोपंत व्हतो ना." मग सांगत बसला — आता हँडब्रेक ओढला का, हे बघायला तो तीनतीनदा खाली उतरून परत चढतो, घरी बायकोला विचारतो, गॅस मी बंद केला का गं? त्याची नोकरी माझ्यामुळे गेली, हे मला माहीत होतं. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाही मीच घेतलाय — हे तिथे कळलं. आणि मी काय केलं? चहा संपवला.

पुढे आणखी सात वर्षं गप्प राहिलो. कामं जातील, मिस्त्री म्हणून नाव जाईल — एवढीच भीती. दुसरं काही नाही.

मागच्या शनिवारी शेठला सगळं सांगितलं. "अब बता रहा है?" म्हणाला, आणि त्याच्या गाड्यांना हात लावू नकोस म्हणाला. रविवारी पाड्यावर गेलो. काशीनाथदादा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होता. मी उभ्यानेच सांगितलं — कार्ड, वायर, शुक्रवार, फ्यूज, सगळं.

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हंजी दिवा पेटला व्हता?"

"पेटला होता, दादा."

तो उठला, दाराशी गेला, आत ओरडला, "ऐकलंस का गं? मी इसरलो नव्हतो! मी प्लग लावला व्हता!"

"मी कवा म्हनलं इसरलात म्हून?" आतून आवाज आला.

मग तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "आता जा तू," म्हणाला.

मी निघालो. मागे तो तिला पहिल्यापासून सांगत होता — गाडी कशी लावली, प्लग कसा दाबून बसवला. मी फाट्यापर्यंत चालत आलो. हलकं वाटत होतं. वाटायला नको होतं कदाचित. पण वाटत होतं.