गीतांजलीचे चांगले गुण

गीतांजली नापास झाली तेव्हा रडली नाही, याचाच मला राग आला. भोकर गावाकडची ही पोरगी लातुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझी रूममेट. "मी मठ्ठच हाय, आरती," एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. पुन्हा विषय राहिला तर शिक्षण बंद आणि लग्न, अशी घरून तंबी होती. शेवटी मीच तिला ओढत कॉलेजच्या समुपदेशक धम्मप्रिया मॅडमकडे नेलं. एकटी बसायला ती तयार नव्हती, म्हणून मीही बसायचे.

मॅडम ना रागावल्या, ना त्यांनी उपदेश केला. नुसत्या ऐकत बसायच्या. आम्ही दोघी गोंधळलो. उपचार म्हणावा तर गोळी नाही, शिकवणी म्हणावी तर फळा नाही. काही खेपांनंतर त्यांनी गीतांजलीला एक काम दिलं: आपल्यात चांगलं काय आहे, हे घरच्यांना विचारायचं.

गीतांजलीने आईला फोन लावला. मॅडम माझे गुण विचारून राहिल्या, म्हणाली. तिच्या आईने, धुरपतामावशींनी, घाईघाईने फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी ठेवणीतली साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन त्या लातुरात हजर. आमच्याकडे पोरीचे गुण कोण विचारतं? मुलाकडचे! मॅडमनी स्थळ आणलंय, अशी मावशींची पक्की समजूत झाली होती.

मॅडमसमोर पदर सावरून त्यांनी सुरुवात केली. पोरगी स्वयंपाकात तरबेज, मान खाली घालून चालणारी, कधी उलटून न बोलणारी. मॅडमना काही उमगेना, त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी तरी काय सांगणार, कपाळ! तेवढ्यात मावशींनी विचारलं, पोरगा काय करतो?

आता ही रडणार, असं मला वाटलं.

"पोरगा न्हाई, आई," गीतांजली म्हणाली. "मला लग्न न्हाई करायचं. मी पास होईन. मला शिकू दे."

तिची मान वर होती. मला इतका आनंद झाला की माझेच डोळे भरून आले.

मावशी अनोळखी पोरीकडे बघावं तशा लेकीकडे बघत राहिल्या. मग हळूच मॅडमना म्हणाल्या, "बाई, उलटून बोलत न्हाई म्हणून आत्ताच सांगितलं मी. आता ह्ये चांगल्यात धरू का वाईटात?"

"चांगल्यात," मॅडम म्हणाल्या.

पटलं की नाही, मावशींच्या चेहऱ्यावरून कळेना. परीक्षा कधी हाय, एवढं त्यांनी विचारलं. मग मुलाकडच्यांसाठी आणलेला डबा उघडला आणि पहिला लाडू गीतांजलीच्या हातावर ठेवला.