मुंगळ्याचं मूळ गाव

हिंगोलीला जाण्याचं खरं कारण आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी हळदीचं, भाकरीचं आणि एसटीचं वर्णन करू लागलो की वाचणाऱ्याला वाटायचं, बिचारा निर्मळ मनाने फिरायला गेला होता. एका बाईने लिहिलेल्या प्रोग्राममधून मी तिचं नाव काढून टाकलं होतं. तिथून हा प्रवास सुरू होतो.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी काम करतो. शास्त्रज्ञांना लागणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांची आमची एक लहानशी जमात आहे. आमच्यासाठी दर महिन्याला इंग्रजीत एक वार्तापत्र निघतं, आमच्या क्षेत्रातल्या बातम्या आणि संधी सांगणारं. त्याचा संपादक मी. बातम्या म्हणजे आम्ही एकमेकांना दिलेल्या शाबासक्या, आणि संधी म्हणजे अंक हातात पडेपर्यंत ज्यांची मुदत संपत आलेली असते त्या जागा.

कविता राठोड आमच्याकडे कंत्राटावर होती. गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडे तपासणारा एक प्रोग्राम तिने लिहिला. यंत्रात मुंगळे शिरले की आतली वाटी अडकते आणि धो धो पावसातही यंत्र शून्य दाखवतं. असं खोटं शून्य तिचा प्रोग्राम बरोबर पकडायचा. नावही तिने ‘मुंगळा’ ठेवलं होतं. कंत्राट संपलं, ती गेली. मग मी तो प्रोग्राम संस्थेच्या जागेवर हलवला. हलवताना फक्त फायली उचलल्या. कोणती ओळ कुणी, कधी लिहिली याची जी नोंदवही प्रोग्रामसोबत असते, ती मागेच सोडली. फायलींच्या डोक्यावर तिचं नाव होतं, तेही नीटनेटकं दिसावं म्हणून पुसलं. तेव्हापासून आमची नोंदवही सांगू लागली की तो सगळा प्रोग्राम मी एका गुरुवारी दुपारी लिहिला. गुरुवारी दुपारी मला काम करताना पाहिलेल्या कुणालाही शंका यायला हवी होती. कुणाला आली नाही.

पुढे वार्तापत्रात मोठी बातमी आली. मुंगळ्याचं नाव आता ‘एकात्मिक पर्जन्य-विदा शुद्धीकरण प्रणाली’ झालं होतं. बातमीत संचालक होते, दोन विभागप्रमुख होते, शेवटी मी होतो. त्याच अंकात माझं संपादकीयही होतं. विषय: प्रोग्राम लिहिणाऱ्यांना श्रेय द्या. ते अनेकांना आवडलं.

दोन वर्षांनी कविताचं पत्र आलं. तुमच्याच अंकात कायमच्या एका जागेची जाहिरात पाहिली, अर्जासोबत स्वतःच्या कामाचा पुरावा मागितला आहे, माझं मोठं काम एकच, त्याची नोंदवही परत लावा. मी उत्तर दिलं, ‘नोंद घेतली आहे.’ तिने आठवण केली. मी तेच उत्तर पुन्हा पाठवलं. तिसरं पत्र आलं नाही आणि मला झोप येईनाशी झाली. अशात हिंगोलीच्या एका महाविद्यालयाने ‘आपल्या क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला बोलावलं. अर्जाची मुदत व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. कविता त्याच जिल्ह्याची, म्हणून मी लगेच होकार कळवला. कविताला फोन मात्र केला नाही. फोनवर बोलावं लागतं.

बस हट्ट्याला पोचली तेव्हा उजाडलं होतं. मार्च महिना. रस्त्याकडेला कढयांमध्ये हळद शिजत होती, पलीकडे उकडलेली हळद वाळत पसरली होती आणि बसमध्ये ओल्या मातीसारखा, जरा उग्र वास भरला होता. शेजारी हळदीच्या आडतीवर काम करणारे एक गृहस्थ होते. मी काय करतो ते त्यांनी विचारलं. शास्त्रज्ञांसाठी प्रोग्राम लिहितो, असं सांगितलं.

“म्हंजे लिवायचं तुमी आन् नाव त्यांचं?”

“साधारण तसंच.”

“लई अन्याव हाय,” ते म्हणाले, आणि माझ्या दुःखात सहभागी होत त्यांनी मला अर्धा पेरू दिला. मी तो खाल्ला.

हिंगोलीच्या स्टँडजवळ सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता) खाऊन मी सभागृहात गेलो. ध्वनिक्षेपकाने शिट्टी वाजवून स्वागत केलं. प्राचार्यांनी ‘एकात्मिक प्रणालीचे निर्माते’ अशी माझी ओळख करून दिली. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला, ही लाजेची मोठी सोय आहे. भाषणानंतर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, यातली एखादी संधी हिंगोलीत राहून मिळते का? मी म्हणालो, काम चांगलं असलं की ते आपोआप बोलतं. टाळ्या पडल्या. त्या मुलीने टाळी वाजवली नाही.

दुपारी काळी-पिवळीने (माणसं कोंबून नेणारी जीप) वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याला उतरलो. कविताचा पत्ता संस्थेच्या जुन्या फायलीतून घेतला होता. नाक्याहून आत एक तांडा (पूर्वी बैलांवरून माल वाहणाऱ्या लोकांची वस्ती), तिथे राठोडांचं घर. कविता तिथे नव्हती. लग्न होऊन ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वारंगा फाट्याला गेली होती. तिथे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवत होती. फोन केला असता तर हे मला पुण्यातच कळलं असतं.

घरी तिचे वडील किसनकाका आणि आई होती. मी पुण्याच्या संस्थेतून आलोय, एवढंच सांगितलं. तेवढ्यावर काकांनी मला शेतात नेऊन त्यांनी सांभाळलेलं गावचं पर्जन्यमापक दाखवलं. झाकण काढून, फुंकर मारून त्यांनी दोन मुंगळे बाहेर काढले. पावसाला अजून तीन महिने होते.

“रोज काढतो,” ते म्हणाले. “लहानपणी हे काम कविताचं व्हतं. फरक येवढाच, की तवा पगार नव्हता.”

मग ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. मी नको नको म्हणत तीन भाकरी खाल्ल्या. हात धुवून वळलो तर समोर भिंतीवर, आरशाच्या बाजूला, माझं वार्तापत्र लावलेलं. त्या बातमीचं पान. प्लास्टिकमध्ये पक्कं केलेलं.

“आमच्या कविताच्या कामाचं छापून आलंय,” काका म्हणाले. ते मराठी पेपर रोज वाचतात, पण हे इंग्रजी. “तिला इचारलं, नाव कुठं हाय? तर म्हणती, नंतर दाखवते. दोन साल झाले. तुमी दाखवा बरं.”

आई पदराला हात पुसत जवळ आली. “व्हय साहेब, बोट ठिवा. कुठलं तिचं?”

पानावर चार नावं होती. त्यातल्या एकावर मी बोट ठेवलं. घाईत बोट जिथे जायची सवय होती तिथेच गेलं. माझ्या नावावर.

आईने आरशाच्या कडेवरची एक टिकली काढली आणि बरोबर त्या नावाखाली चिकटवली. काका लांबून, मग जवळून बघत राहिले. म्हणाले, केवढं ठसठशीत छापलंय. मी म्हणालो, हो. आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीहून कळमनुरीमार्गे जाणारी एसटी धरली. वाटेत तिचं चाक पंक्चर झालं. सगळे उतरून बाभळीखाली बसले, वाहकाने बडीशेप वाटली. मला उशीर होत होता आणि मला त्याचं बरंही वाटत होतं. हे लिहितानाही कसंतरी होतं.

वारंगा फाटा म्हणजे चारी बाजूंनी ट्रक, टायरची दुकानं, फळांचे गाडे. त्यात कविताचं दुकान, दारात माणसांची रांग. तिने मला पाहिलं, ओळखलं, आणि हातातला फॉर्म भरत राहिली.

“सर, रांगेत बसा. यांची मुदत आज हाय.”

“तुझीही आजच आहे,” मी म्हणालो.

“मला ठावं हाय. तुमाला कधी कळलं?”

मी स्टुलावर बसलो. दीड तास. ती एकेकाला विचारायची, वडिलांचं नाव, आईचं नाव, स्पेलिंग बरोबर आहे का बघा. दुसऱ्याच्या नावातली एक वेलांटी चुकू नये म्हणून ती तीनदा विचारत होती. माझा नंबर आला तेव्हा दोन वाजून गेले होते.

तिच्या जुन्या लॅपटॉपवर मुंगळा पूर्ण होता, नोंदवहीसकट. ती स्वतः तो कुठेही टाकू शकली असती. पण संस्थेची नोंदवही माझं नाव सांगत असताना, तिचीच प्रत चोरीची दिसली असती. संस्थेच्या जागेवर बदल करण्याचा अधिकार माझ्याकडे होता. म्हणून मी त्या स्टुलावर बसून, तिच्या डोळ्यांदेखत, माझी ती कर्तबगार गुरुवारची दुपार पुसली आणि तिची नोंदवही चढवायला घेतली. अर्ध्यात वीज गेली. तिने फोनवरून इंटरनेट जोडून दिलं. मी घामाघूम.

मग पडद्यावर एकेक ओळ दिसू लागली, दीड वर्षाचं काम, प्रत्येक ओळीपुढे कविता राठोड. तिने तिच्या टिपाही तशाच ठेवल्या होत्या. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘इथं काहून (का बरं) शून्य येऊन राहिलं? बाबांना विचारणे.’ ही टीप मी पुण्यात असभ्य वाटते म्हणून काढली होती.

वार्तापत्राच्या पुढच्या अंकासाठी खुलासाही तिथेच लिहिला. पहिली बातमी म्हणून. तिला वाचायला दिला. ‘अनवधानाने त्यांचे नाव राहून गेले’ या वाक्यावर ती थांबली.

“अनवधानानं नव्हतं, सर. तेवढा शब्द काढा.”

मी काढला. ‘संपादकाने त्यांचे नाव काढून टाकले’ असं लिहिलं. तोच मजकूर तिने अर्जाला जोडला. पाचला बारा मिनिटं कमी असताना अर्ज गेला. तिने पोचपावती छापून घेतली, दोनदा वाचली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. ती जागा तिला मिळेल की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

“काल बाबांचा फोन आला व्हता. लई खुशीत. म्हणाले, साहेबांनी तुझं नाव दाखवलं, आईनं टिकली लावली.” ती माझ्याकडे बघत राहिली. “दोन वर्षं मी ते टाळून राहिले. नाव नाही म्हणून सांगायचं माझ्या जिवावर आलं. तुमी दोन मिनिटांत दाखवून बी दिलं. कुणाचं दाखवलं, सर?”

मी सांगितलं.

तिने दिवा लावला, कारण वीज आली होती. मग म्हणाली, “मला सॉरी नका म्हणू. ते ई-मेलमध्ये बी येतं. घरी जाऊन सांगा.”

मी परतीचं तिकीट रद्द केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच काळी-पिवळी, तोच नाका. चालकाने ओळखलं आणि विचारलं, साहेब, काही विसरलं का? वाटेत मी भाषण जुळवत होतो. त्यात संस्थेचे नियम होते, कामाचा ताण होता, वरिष्ठ होते. मी इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, त्यामुळे दोष आपल्यावर न येऊ देणारी वाक्यं मला सहज सुचतात. तांड्याची वाट चढताना एकेक वाक्य गळत गेलं. दारात पोचलो तेव्हा हातात काहीच राहिलं नव्हतं.

काका आत बाजेवर बसले होते. आईने पाणी आणलं. मी ते घेतलं नाही. परवा ज्या नावावर बोट ठेवलं ते कविताचं नाही, माझं आहे, असं सांगितलं.

“मंग तिचं कुठं हाय?” आईने विचारलं.

“कुठेच नाही. मीच काढलं होतं. काल परत लावलं. पुढच्या अंकात छापून येईल.”

आई वळली. भिंतीपाशी जाऊन तिने नखाने टिकली सोडवली. बोटाच्या टोकावर ती घेऊन पानावर वरून खाली पाहिलं, मग खालून वर. ठेवायला जागा नव्हती. तिने ती परत आरशाच्या कडेला लावली, आणि म्हणाली की ते नवं पान येईपर्यंत राहू दे इथंच.

काका बाजेवर सरळ होऊन बसले.

“हे परवा जेवताना सांगायचं व्हतं.”

“धीर झाला नाही.”

“मंग आज काहून झाला?”

“कवितानं पाठवलं.”

“म्हंजे हे बी तिचंच काम.”

“हो, तेही तिचंच,” मी म्हणालो. मग चपला दाराबाहेर काढून आत गेलो, त्या दोघांसमोर जमिनीवर बसलो आणि हात जोडले. “तुमच्या मुलीचं काम मी माझं म्हणून दाखवलं. तुमच्या घरी जेवलो आणि तुम्हालाही फसवलं. माझं चुकलं. काका, मावशी, मला माफ करा.”