मामांची निळी चाकं

मामांच्या गाडीला चार चाकं होती आणि त्यातलं एकही जमिनीला टेकू नये, अशी मामांची मनापासून इच्छा होती.

नात्यानं ते माझे कुणीच नव्हते. सिडकोत आमच्या शेजारच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहायचे. सगळी गल्ली मामा म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. मामा आता नाहीत, त्यामुळं मी सांगतोय त्यातलं काही खोडून काढायलाही कुणी नाही. वाळूजच्या एका कंपनीच्या रंगखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी पांढरी मोटार घेतली आणि तिच्या चाकांच्या धातूच्या भागावर स्वतःच्या हातानं निळा रबरी रंग मारला. हा रंग फवाऱ्यानं मारतात. वाळला की चाकावर रबराची साल धरते, आणि नको झाली की केळ्यासारखी सोलून काढता येते. आतलं चाक कोरंच्या कोरं. "आत चांदी हाय," मामा सांगायचे, "वरून निळी शाल पांघरलीय, एवढंच." जयंतीच्या मिरवणुकीत ही गाडी निघाली तेव्हा चाकं बघून डीजेवाल्यानं आवाज बारीक केला होता. मी तिथं हजर होतो. डीजेवाल्यानं आपणहून आवाज बारीक केल्याची पृथ्वीवर दुसरी नोंद नाही.

आमच्या शहरात आठवड्यातून एकदा नळाला पाणी आलं तरी लोक पेढे वाटायला निघतात. पाणी आलं की गल्लीत हंडे, ड्रम, घमेली आणि भांडणं एकदमच बाहेर पडायची. मामांची पहिली बादली मात्र चाकांची. तीही गाडी रात्रभर उभी राहून चाकं गार झाल्यावर. "तापल्या चाकावर पाणी टाकलं की डाग बसतो," ते म्हणायचे. "तुमी तापातून उठल्या उठल्या गार पाण्यानं आंघोळ करता व्हय?" मग लहान बाळाचा शाम्पू आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियन. घासायचं नाही, गोंजारायचं. शेवटी ब्रेकची काळी भुकटी चिकटू नये म्हणून वरून कसलंसं पाणीदार औषध फवारायचं. त्या चाकावर माशीसुद्धा पाय पुसून बसायची.

"माझ्या डोक्याला साबणाचा तुकडा, आन् चाकाला बाळाचा शाम्पू," मामी दारातून ऐकवायच्या. "मी घरात नाय, गॅरेजातच नांदायला पायजे व्हतं."

"तुझा रंग पक्का हाय," मामा मान वर न करता म्हणायचे. "ह्यांचा सोलतो."

एकदा औरंगपुऱ्याकडून येताना एका वॉशिंग सेंटरवर ते नुसती हवा भरायला थांबले. तिथला मालक हौशी. "चचा, प्रेशर मारूँ क्या?" म्हणत त्यानं पाण्याची नळी थेट चाकाला भिडवली. मामा नळी आणि चाक यांच्या मधे जाऊन उभे राहिले. "मियाँ," नखशिखांत भिजत ते शांतपणे म्हणाले, "कडेला जोर लागला की साल उचलती." त्या आठवड्यात सगळ्या सिडकोत पोटभर आंघोळ झालेला हा एकच माणूस.

पण मामांचा खरा वैरी पाणी नव्हतं. पेट्रोल, थिनर आणि रॉकेल या तिघांचं नाव घेतलं तरी रबराला सुरकुत्या पडतात, असं ते म्हणत. जेवताना पहिला घास घ्यायच्या आधी हे एकदा म्हणून व्हायचंच. मामींना ते इतकं पाठ होतं, की त्या झोपेतही न अडखळता म्हणाल्या असत्या.

वेरूळच्या सहलीचा विषय आमच्या गल्लीत अजून निघतो. मामांनी हौसेनं आम्हाला गाडीत कोंबलं. दौलताबादच्या पुढं रस्त्यावर ताजं डांबर पडलेलं दिसलं. मामांनी गाडी वळवली, किल्ल्याच्या पायथ्याशी भजी खाऊ घातली आणि घरी आणून सोडलं. "लेणी काय पळून चालल्यात?" ते म्हणाले. "डोंगरात कोरल्यात. डांबराचं तसं नाय, ते चाकाला धरून घरी येतं."

आणि अशा माणसाच्या मुलीला अजिंठ्याच्या पलीकडं, गुरांच्या दवाखान्यात नोकरी लागली.

सुजाता घराण्यातली पहिली डॉक्टर. हाताखाली सात-आठ वाड्यावस्त्या, आणि एसटी फक्त मोठ्या गावापुरती. तिनं गाडी मागितली. मामांनी ताटातली भाकरी मोडायची थांबवली.

"एसटी हाय की."

"पप्पा, गाय काय टाइमटेबल बघून अडते का?"

"तिथं लई शेण असतंय, सुजा."

"गुरांचा दवाखाना आहे पप्पा, अत्तराचं दुकान नाही."

मामा उठले आणि चाकापाशी जाऊन बसले. पुढचे काही दिवस ते तिथंच होते म्हटलं तरी चालेल. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारी सुजातानं बांधलेली बॅग परत सोडली. गाडीशिवाय ही नोकरी होणार नाही, रविवारी कळवून टाकते, असं तिनं मामींना सांगितलं. मामी काही बोलल्या नाहीत. भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, की त्या काही बोलल्या नाहीत.

रविवारी नळ आला. "तुमी चहा घ्या निवांत," मामी म्हणाल्या. "आज चाकं मी पुसते." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं. मामांना तिथंच संशय यायला हवा होता. पण चहा चांगला झाला असावा. ते बाहेर आले तेव्हा वास सुटला होता आणि पुढच्या चाकावरची निळाई दुधावरच्या सायीसारखी गोळा होऊन लोंबत होती.

"डांबराचा ठिपका व्हता," मामी पदराला हात पुसत म्हणाल्या. "रॉकेलनं पुसला. इसरलेच बघा."

रेशनवरचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला होता. मामींची उरलेली एकुलती एक बाटली माळ्यावर, ट्रंकेच्या मागं असायची. तिथं पोचायला शेजारून शिडी आणावी लागे. त्या दिवशी शिडी आमच्याकडून गेली होती. म्हणजे मामी आमच्या घरापर्यंत आणि तिथून माळ्यापर्यंत विसरतच गेल्या असणार.

गल्लीतले नळ तसेच वाहत राहिले. मामा उकिडवे बसले. सायीचं टोक नखानं धरून त्यांनी ओढलं. आतून चाक निघालं, कारखान्यातून आलं असेल तसं, लखलखीत. मामांनी आधी चाकाकडं, मग मामींकडं बघितलं. मामी नळाकडं बघत होत्या.

"चांदी हाय खरी," मामा म्हणाले.

उरलेली तिन्ही चाकं त्यांनी स्वतः सोलली. थर चांगले जाड दिलेले, त्यामुळं एकेक साल अख्खी निघाली, डोक्यावरची टोपी काढावी तशी. शेवटची काढून झाल्यावर ते उठले, गुडघे झटकले आणि घराकडं तोंड करून म्हणाले, "सुजा, बॅग भर. किल्ली खुंटीला हाय."

सोमवारी सकाळी गाडी निघाली. कोपऱ्यावर पाइपासाठी रस्ता खोदलेला होता आणि त्यात हत्ती बुडेल एवढा चिखल होता. हत्ती लहान धरा. सुजातानं सवयीनं ब्रेक दाबला, काच खाली केली आणि मागं वळून बघितलं. सगळी गल्ली मामांकडं बघायला लागली. मामांनी फाटक सोडलं आणि दोन्ही हातांचा कर्णा केला.

"घाल की गं!" ते ओरडले. "घाल चिखलात! गाय अडली आसंल तिकडं!"

गाडी चिखलात घुसली. चारही चाकं पार काळी होऊन पलीकडं निघाली. मामा ती वळेपर्यंत बघत उभे होते. चाकांकडं नाही. मागच्या काचेतून सुजाताची वेणी दिसत होती, तिच्याकडं.